हाटाच्या दिवशी लसीकरण ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या दैनिकात इंदूरच्या सरकारी दवाखान्यांतल्या गर्दीवर बरीच पत्रे आली. एका खाटेवर दोन बाळंतिणी, जिन्याखाली अंथरूण टाकून बसलेले नातेवाईक, हे सगळे खरेच आहे. पण ही माणसे कुठून येतात आणि इतक्या लांब का येतात, याबद्दल एकाही पत्रात काही वाचायला मिळाले नाही, म्हणून लिहायला बसले. मी धार जिल्ह्याच्या आदिवासी भागात आधी ए.एन.एम. (उपकेंद्रावरची परिचारिका) आणि नंतर सुपरवायझर म्हणून 27 वर्षे काढली. त्या गर्दीतल्या कितीतरी जणांच्या हातातली रेफरची, म्हणजे मोठ्या रुग्णालयात पाठवायची, चिठ्ठी माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेली असते.

गावाला न विचारता आरोग्याच्या योजना आखल्या जातात, तिथूनच हे सुरू होते. एका गावाचे सांगते. तिथे लसीकरणाचा दिवस मंगळवार होता आणि त्या भागाचा हाटही मंगळवारचाच. आपल्याला हाट म्हणजे भाजीबाजार वाटतो. तिथल्या बाईचे आठवड्याचे मीठ-तेल हाटात, कोंबडी विकून हातात येणारे चार पैसे हाटात आणि माहेरचे माणूस भेटायचे तेही हाटातच. सकाळी सातलाच बाया डोक्यावर टोपल्या आणि कडेवर पोरे घेऊन निघायच्या. आम्ही नऊला लसीचा डबा घेऊन पोहोचायचो तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर दोन-चार म्हाताऱ्या बसलेल्या असायच्या. अहवालात ‘लाभार्थी उदासीन’ असा शेरा जायचा. दोन वर्षे तो शेरा मीही लिहिला, याचे आज फार वाईट वाटते. शेवटी तिथली आशा कार्यकर्तीच मला म्हणाली, “सिस्टर, हाटाच्या दिवशी घरी कोण राहील?” वार बदलून घ्यायला कागद हलवण्यात चार महिने गेले. पहिल्या शुक्रवारी अंगणवाडीच्या दारापासून हातपंपापर्यंत बाया बसल्या होत्या आणि दुपारी बाराच्या आत आमच्याजवळची कोरी कार्डे संपली.

दिवाळी झाली की त्या भागातले निम्मे गाव गुजरातेत मजुरीला जाते आणि होळीच्या आधी भगोरियाला, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या जत्रेला, परतते. आमची आकडे गाठायची धावपळ मात्र नेमकी जानेवारी ते मार्चमध्ये, वर्ष संपत आले म्हणून. जानेवारीत घरोघरी फिरले की कुलुपे मोजायची. भगोरियाच्या आठवड्यात सगळी पोरे, सगळ्या गरोदर बाया गावात असतात, पण माझ्या सगळ्या नोकरीत ‘भगोरिया’ हा शब्द असलेला एकही आराखडा माझ्या हाताखालून गेला नाही.

आराखडा कसा व्हायला हवा, हे काही गुपित नाही. एप्रिल 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण स्वास्थ्य मिशन आले तेव्हाच ठरले होते की गावाच्या समितीने आपल्या गावाची योजना करायची, त्यावरून ब्लॉकची आणि ब्लॉकवरून जिल्ह्याची. गावाच्या समितीला वर्षाला 10,000 रुपये खर्चायला ठेवले, ते गावाला विचारून खर्च व्हावेत म्हणूनच. मी जिथे काम केले तिथे उलटे चालायचे. ब्लॉकच्या ऑफिसात गेल्या वर्षीचे आकडे समोर ठेवायचे, दहा टक्के वाढवायचे आणि तेच गावागावांत वाटून टाकायचे. समितीच्या बैठकीच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जात. असे तक्ते मी स्वतः भरले आहेत, म्हणून सांगते.

सगळ्या गावांना एकच माप लावून चालत नाही. धार-झाबुआच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे, तिथे मुलांचे पाय वाकतात. काही घरांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. झाबुआ-अलिराजपुरातले तरुण गोध्र्याकडच्या दगड दळायच्या कारखान्यांतून सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, घेऊन परतले आणि कित्येक वर्षे टीबीची औषधे खात राहिले. हे नुसत्या लोकसंख्येच्या आकड्यात दिसत नाही. आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, 20,000 मागे प्राथमिक आणि 80,000 मागे सामुदायिक स्वास्थ्य केंद्र, हा नियम चांगलाच आहे. पण भिलांचे गाव आपल्या माळव्यातल्या गावासारखे एकाला एक लागून नसते. एक फलिया (वस्ती) या टेकडीवर, दुसरी ओढ्यापलीकडे. कागदावर केंद्र पाच किलोमीटरवर असते. पावसाळ्यात ओढा भरला की तेच पंधरा होते आणि 108 ची रुग्णवाहिका पक्क्या सडकेपर्यंतच येते. तिथून पुढे खाट आणि चार माणसांचे खांदे.

अशाच एका रात्री एका पहिलटकरणीला खाटेवरून आणले. केंद्रावर लेबर रूम होती, टेबल होते, दिवा होता. पण सिझेरियन करणारी डॉक्टर नव्हती आणि भूल देणारेही कुणी नव्हते. मी रेफरची चिठ्ठी लिहिली. नवऱ्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवली आणि मला तीन गोष्टी विचारल्या: इंदूरला आईला कुठे झोपता येईल, जेवण कुठे मिळेल आणि तिकडे आमची बोली कुणाला येते का? एकाचेही उत्तर माझ्याजवळ नव्हते. घरच्यांनी आपसात बोलून पहाट होऊ दिली आणि मग निघाले. बाई वाचली, बाळ नाही. रजिस्टरात कारण लिहिले गेले ‘कुटुंबाकडून विलंब’. प्रशिक्षणात आम्हाला तीन विलंब शिकवतात: निर्णय घ्यायला, पोहोचायला आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला. त्या नवऱ्याच्या तीन प्रश्नांची उत्तरे कुठल्याही योजनेत लिहिलेली नव्हती, मग पहिला विलंब त्याचा एकट्याचा कसा?

इंदूरकरांना हे सांगायचे आणखी एक कारण आहे. 1994 मध्ये सुरतेला प्लेग आला तेव्हा आपले एम. वाय. रुग्णालय रिकामे करून उंदीर मारले, कचरा उपसला, आणि त्या कामात शहरातल्या लोकांनी हात लावला. त्यातूनच रोगी कल्याण समिती निघाली: रुग्णालयाचा कारभार पाहायला अधिकाऱ्यांबरोबर नागरिकही. पुढे मिशनमध्ये ती देशभर गेली. इंदूरने देशाला दिलेल्या गोष्टींत स्वच्छतेआधी हिचे नाव घ्यायला हवे, असे मला मनापासून वाटते. आज सामुदायिक केंद्रावरही ही समिती असते. माझी मागणी एवढीच आहे की तिच्यात सगळ्यात लांबच्या फलियेतल्या दोन बाया असाव्यात, त्यांना येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळावी आणि बैठक हाटाच्या दिवशी, हाटाच्याच गावी, त्यांच्या बोलीत व्हावी. लसीकरणाला जो वार चुकीचा, तो बैठकीला अगदी बरोबर आहे, कारण त्या दिवशी सगळ्या फलियांची माणसे एका जागी असतात.

आणि इंदूरच्या मोठ्या रुग्णालयांत भिली-भिलाली बोलणारे एक माणूस रात्रपाळीला खिडकीवर बसवावे. याला नवी इमारत लागत नाही.

नोव्हेंबर 2022 पासून मध्य प्रदेशात पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, नियम लागू आहेत, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या गावच्या केंद्राबद्दल विचारायचा हक्क आहे. पुढच्या वर्षाचे आकडे वर पाठवण्याआधी ते तिथे मोठ्याने वाचून दाखवावेत. येत्या 26 जानेवारीला गावोगावी ग्रामसभा भरतील. आपण एखादा वार्ताहर धारकडच्या गावात पाठवावा आणि त्याने एवढेच विचारावे: तुमच्याकडे सुई टोचायचा वार कोणता आणि हाटाचा कोणता?

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षिका
रामबाग, इंदूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)