टाचदुखीचा दोष ‘वाढलेल्या हाडा’वर नको

संपादक महोदय,

सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ यावी, घरात थोडे चालल्यावर ती ओसरावी आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणकू लागावे, हे दुखणे फळ्यासमोर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या अनेक शिक्षिकांच्या ओळखीचे आहे. माझ्या एक्स-रेवर ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असा शेरा मिळाला, आणि पुढचे सात-आठ महिने मी त्या हाडालाच शत्रू मानून मऊ चपला व दहा-दहा दिवसांचा यंत्राचा शेक यांत घालवले.

वास्तविक हाडाची अशी वाढ टाच कधीही न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही दिसते. बहुधा दुखत असतो तो टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेला तळव्याचा जाड पट्टा, ज्याला डॉक्टर प्लांटर फॅशिया म्हणतात. पोटरी आखडलेली असली, वजन वाढले किंवा कठीण फरशीवर तासन् तास उभे राहावे लागले, की त्याच्यावरचा ताण वाढतो. (आपल्याकडे घरात अनवाणी वावरण्याची रीत आहे, दुखणे असेपर्यंत तरी ती बाजूला ठेवावी, हे सासूबाईंना पटवायला मला फिजिओथेरपिस्टची साक्ष काढावी लागली.)

शेकाने तात्पुरते बरे वाटते, परंतु पट्ट्याला पुन्हा भार पेलायला शिकवतो तो व्यायाम. अंथरुणातून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने मागे ओढून तळवा ताणणे आणि भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे ही त्याची सुरुवात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, पायरीच्या कडेवर एका पायाने टाच सावकाश उचलायची, क्षणभर थांबायचे आणि तितक्याच सावकाश खाली आणायची, असा व्यायाम एक दिवसाआड करणाऱ्यांना तीन महिन्यांनी केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला होता. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे घाई करून उपयोग नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने लवकर आराम पडतो, पण तो बहुधा टिकत नाही, आणि क्वचित पट्टा फाटण्याचा धोकाही असतो. मधुमेही व्यक्तींनी, तसेच पायाला बधिरपणा, सूज किंवा रात्री झोपेतही वेदना असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

माझी तक्रार एवढीच, की गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठीवर केवळ ‘फिजिओ, 10 दिवस’ असे लिहिले जाते, आणि अकराव्या दिवशी रुग्ण उपचार संपला असे समजून घरी बसतो. त्याच चिठ्ठीच्या मागे दोन व्यायाम, ते किती वेळा करायचे आणि किमान तीन महिने चालू ठेवायचे, एवढे मराठीत लिहून देण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागू नये.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा