मोठे विमान हवेच, पण फेरी घटवून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रादेशिक मार्गांवर पन्नास आसनी एम्ब्रेअर 145 विमाने चालवणाऱ्या स्टार एअरने 2023 पासून 76 आसनी एम्ब्रेअर 175 विमाने ताफ्यात घेतली, याचे मुंबईला विमानाने जाणाऱ्या कोल्हापूरकराने स्वागतच करायला हवे. लहान शहरांना सवलतीच्या दरात विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेखाली डिसेंबर 2017 मध्ये कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईसाठी जी सेवा सुरू झाली ती एकोणीस आसनी विमानाची होती आणि फार काळ टिकलीही नाही. लहान एम्ब्रेअरमध्ये डाव्या हाताला एकच आसन, उजवीकडे दोन, आणि सामानाचे कप्पे एकाच बाजूला असतात. मोठ्यात दोन्हीकडे दोन-दोन आसने आहेत आणि मधले आसन कोणाच्याच वाट्याला येत नाही.

मुंबईत विमान उतरवण्याची वेळ मिळणे हीच खरी अडचण आहे. विमान पन्नास आसनी असो वा शहात्तर, त्याला धावपट्टीवर वेळ एकच लागते. त्यामुळे नवी वेळ न मागता निम्म्याहून अधिक जागा वाढतात. मात्र हाच हिशेब उलटाही मांडता येतो. दोन लहान विमानांच्या जागी एक मोठे आणले, तर शंभराच्या शहात्तर जागा होतील आणि दुपारच्या एकाच फेरीवर सगळ्यांना समाधान मानावे लागेल. शिरोलीतल्या माझ्यासारख्या फौंड्रीवाल्याला कास्टिंगचा नमुना दाखवून त्याच दिवशी परतायचे असते. मुंबईत मुक्कामच करायचा, तर रात्रभर झोपून सकाळी पोहोचवणारी महालक्ष्मी एक्सप्रेस काय वाईट?

शिवाय आता वर्दळ दोन्ही बाजूंनी आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाल्याने, जे वकील आपण मुंबईत जाऊन गाठायचो तेच कामकाजाआधी येथे पोहोचू पाहतात. गेल्या दिवाळीत एका कंपनीच्या तिकिटाचा आकडा पाहून मी मुकाट्याने गाडी काढली. जागा वाढल्यावर तरी दर उतरतात का, हे पाहायचे आहे. उडानमधील सवलतीचे दर आणि अनुदान तीन वर्षांपुरतेच असल्याने पुढे भिस्त भरलेल्या विमानावरच राहणार, आणि विमान भरते ते सोयीच्या वेळेमुळे.

म्हणून मोठ्या विमानाला परवानगी देताना सकाळी दहाच्या आत मुंबईत पोहोचवणारी आणि संध्याकाळी सहानंतर परत आणणारी फेरी कायम राहील, एवढी हमी राज्य शासनाने व विमानतळ प्राधिकरणाने कंपन्यांकडून घ्यावी, ही विनंती.

– एक लघुउद्योजक, शिरोली, कोल्हापूर