फॉर्मच्या कडेला लिहिलेल्या ओळीसाठी

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

औषधाने हात बरा झाला, त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र एका ओळीसाठी आहे. हातावरच्या गाठीचा तपासणीसाठी काढलेला तुकडा (बायोप्सी) लॅबला पाठवताना तुम्ही फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहिलंत: 'घरी माशांची टाकी. कल्चर 37 बरोबर 30 अंशांवरही लावावे. सहा आठवड्यांआधी निगेटिव्ह देऊ नये.' कल्चर म्हणजे तुकड्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं. छापील फॉर्मवर या सूचनेसाठी रकाना नव्हता. तुम्ही कडेच्या मोकळ्या जागेत लिहिलंत आणि खाली दोनदा रेघ ओढलीत.

त्या ओळीची किंमत मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवी. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा टीबीच्या जंतूचा भाऊबंद. 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो सापडला. त्याला 30 अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, 37 ला तो नीट वाढत नाही. म्हणून माणसाच्या अंगातही तो बोटं, मनगट, कोपर अशा गार भागांतच घर करतो. टीबीचं कल्चर मात्र लॅबमध्ये सवयीने 37 लाच ठेवलं जातं. मग जंतू तुकड्यात असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

आधी ज्यांनी हात पाहिला त्यांच्यावरचा राग लपवत नाही. बोटाच्या पेरावर जांभळट, फारशी न दुखणारी गाठ, आणि तिथून मनगटाच्या वर एका रेषेत चढत गेलेल्या गाठी. हे चित्र समोर असताना गळू म्हणून अमॉक्सिसिलिन दिलं गेलं, जे या जंतूवर चालतच नाही. मग संधिवात समजून स्टिरॉइडचं इंजेक्शन, ज्याने हा आजार खोलवर, स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांपर्यंत उतरायची भीती वाढते. हात कोणत्या पाण्यात असतात, हे कुणी विचारलं नाही. पाण्यात हात घालणं आणि गाठ दिसणं यांत साधारण दोन ते चार आठवडे जातात, कधी काही महिनेही. पेशंटला आपणहून संबंध कसा सुचणार? विचारावंच लागतं.

तुम्ही विचारलंत. टाकी कोण साफ करतं, हाताला चीर होती का, सगळं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एथॅम्ब्युटॉल सुरू करताना बजावलंत की गाठी गेल्यावरही एक-दोन महिने गोळ्या थांबवायच्या नाहीत, आणि एथॅम्ब्युटॉलचा डोळ्यांवर परिणाम होऊन लाल-हिरवा रंग ओळखताना गडबड वाटली तर लगेच यायचं. घरच्यांना हा आजार माणसाकडून लागत नाही, हे तर कुणी विचारायच्या आत सांगितलंत. समोरच्याच्या मनातली भीती ओळखून बोलणारी माणसं आहेत, म्हणून दवाखान्याची पायरी चढवते.

टाकीसाठी तुम्ही सांगितलेलं सगळं आता नियमाने होतं. हाताला जखम असेल तर पाण्यात हात नाही, एरवी कोपरापर्यंतचे हातमोजे आणि नंतर साबण. जाळी आणि दगड स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हा जंतू हटत नाही, म्हणून जाळी धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये. पोट खपाटीला गेलेला, कणा वाकलेला किंवा अंगावर व्रण असलेला मासा लगेच वेगळा.

एक विनंती. 'मासे किंवा पाण्याशी संपर्क' असा रकाना फॉर्मवर छापायला लॅबला सांगाल का? तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

आपला कृतज्ञ,
घरी मासे पाळणारा एक पेशंट