रॅपचं गाणं म्हणजे कबुलीजबाब नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं, रॅप ऐकून पोरं गुन्हेगार होतात आणि त्यात शिव्या, बंदुका, पैसा सोडून काहीच नसतं, असा त्याचा सूर होता. मी बरीच वर्षं हे संगीत ऐकतोय, त्याबद्दल मिळेल ते वाचतोय, म्हणून राहवलं नाही. शिव्या आहेत, बंदुका आहेत, नाही कोण म्हणतंय? पण गाण्यातला 'मी' जे काही बोलतो ते गायकाने खरंच केलंय असं धरून चालायची जी सवय आहे ना, तिच्यामुळे अमेरिकेत माणसं खरोखर तुरुंगात गेलीयेत.

मॅक फिप्स घ्या. लुइझियानाचा रॅपर. 2000 साली त्याचा कार्यक्रम होता त्या क्लबमध्ये गोळीबार झाला, एक तरुण गेला. फिप्सवर आधीचा एकही गुन्हा नव्हता आणि त्याच्यासोबत सुरक्षेचं काम करणाऱ्या एका माणसाने तर गोळी मी झाडली असं पोलिसांना सांगितलं होतं. तरी खटला फिप्सवरच चालला आणि सरकारी वकिलाने ज्युरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांपुढे, त्याच्या दोन वेगवेगळ्या गाण्यांतल्या ओळी एकमेकींना जोडून म्हणून दाखवल्या, त्यातली एक ओळ तर त्याने व्हिएतनाम युद्धात लढलेल्या स्वतःच्या वडिलांबद्दल लिहिलेली होती! बारापैकी दहा जणांनी दोषी म्हटलं, तेव्हा लुइझियानात तेवढं पुरायचं, आणि 30 वर्षांची शिक्षा झाली. 2021 मध्ये गव्हर्नरच्या दयेमुळे सुटला तोवर 21 वर्षं आत गेली होती. खुनाची कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाचं पुस्तक कोर्टात असं कोण वाचून दाखवतं?

कुणी म्हणेल, हे एखादंच प्रकरण असेल. तर 1996 साली कॅरी फ्राइड या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला, पोलिसाला मारल्याचं सांगणारं एक जुनं लोकगीत घेतलं, गोऱ्या गायकांनी गायलेलं, आणि त्याचे शब्द वेगवेगळ्या लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं हे कंट्री, म्हणजे बहुतेक गोरे गायक गातात ते अमेरिकी ग्रामीण ढंगाचं संगीत, आहे. शब्द तेच, पण रॅप म्हटल्यावर लोकांना ते जास्त आक्षेपार्ह आणि जास्त धोकादायक वाटलं. वीस वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिलं तरी तेच. म्हणजे बिघाड नुसता शब्दांत नाहीये, ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच एक चित्र तयार आहे, आणि ते चित्र काळ्या तरुणाचं आहे.

आता हे गाणं आलं कुठून ते पाहिलं की हा राग अजून वाढतो. न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स. शहराचे रस्ते-पूल आखणारा बडा अधिकारी रॉबर्ट मोझेस, त्याने वस्त्यांच्या मधोमध क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे हा महामार्ग नेला, हजारो कुटुंबं उठवली, घरांच्या किमती पडल्या, मग विम्याच्या पैशासाठी घरमालकच इमारतींना आगी लावायला लागले आणि शहराकडे पैसा नाही म्हणून अग्निशमन केंद्रंही बंद होत होती. अशा जागी पोरांच्या टोळ्या होणारच. 1971 च्या डिसेंबरमध्ये समेट करायला गेलेल्या एका तरुणाला मारलं गेलं, तो ज्या टोळीचा होता तिने सूड घ्यायचा ठरवला असता तर रक्ताचे पाट वाहिले असते, पण त्यांनी सगळ्या टोळ्यांना एकत्र बसवून तह केला. या तहाबद्दल फार कमी लिहिलं जातं, मला मात्र हिपहॉपच्या, म्हणजे रॅप, डीजे आणि नाच मिळून झालेल्या या संस्कृतीच्या, गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो, कारण त्यानंतरच एका मोहल्ल्यातली पोरं दुसऱ्या मोहल्ल्यातल्या पार्टीला जाऊ शकली.

आणि मग 11 ऑगस्ट 1973, 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू. जमैकाहून आलेल्या कुटुंबातला 18 वर्षांचा कूल हर्क, त्याच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून तिने इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली, याने रेकॉर्ड वाजवल्या. हर्कने बघितलं होतं की गाण्यात गायन थांबून नुसते ड्रम वाजतात तो ब्रेक आला की लोक पेटून नाचतात, पण तो काही सेकंदांत संपतो. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर) लावून तो ब्रेक आलटूनपालटून वाजवत लांबवत न्यायचा. त्यावर नाचणारे ते बी-बॉय, माईकवर लोकांना चेतवणारा तो एमसी, आणि त्या चेतवण्यातूनच पुढे रॅप झालं. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून नवीन वाद्य तयार केलं, याला मी प्रतिभा म्हणतो.

फुशारक्या मारणं, समोरच्याला शब्दांनी लोळवणं, आपण जगातले सगळ्यात भारी असं सांगणं हा त्या खेळाचाच भाग आहे आणि तो हर्कच्याही आधीपासून काळ्या समाजात चालत आलाय. 'डझन्स' म्हणून एक खेळ आहे, एकमेकांचा यथेच्छ अपमान करायचा, यमक जुळवायचं आणि जो चिडला तो हरला. 1990 मध्ये फ्लोरिडात टू लाइव्ह क्रू या ग्रुपला अश्लील गाणी गायली म्हणून अटक झाली, तेव्हा प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांनी कोर्टात जाऊन नेमकं हेच समजावून सांगितलं, की हे अतिशयोक्तीचं आणि विडंबनाचं बोलणं आहे, अक्षरशः घ्यायचं नसतं. ज्युरीने सोडून दिलं. म्हणजे माहितगार माणूस समजावून सांगायला उभा राहिला तर सामान्य लोकांनाही हे कळतं.

एका गोष्टीवर मात्र मी त्या पत्रलेखकाशी भांडणार नाही. बायकांबद्दल रॅपमध्ये जे बोललं गेलंय आणि अजून बोललं जातंय, त्यातलं बरंच मला ऐकवत नाही आणि त्याला परंपरेचं पांघरूण घालणं मला पटत नाही. पण हा आवाज सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात उठवला तो काळ्या बायकांनीच. रॅपर क्वीन लतीफाने 1993 साली रस्त्यावर बायकांना शिव्या देणाऱ्यांना गाण्यातूनच झाडलं आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. 2004 मध्ये अटलांटाच्या स्पेलमन या काळ्या मुलींच्या कॉलेजातल्या विद्यार्थिनींनी रॅपर नेलीला त्याच्या व्हिडिओबद्दल जाब विचारला. त्यांना गाण्यावर बंदी नको होती, उत्तर हवं होतं. आणि रेडिओवर तेच ते का वाजतं याला कंपन्याही जबाबदार आहेत, 1996 च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यायची यावरची मर्यादाच काढून टाकली, मग शेकडो स्टेशनांवर एकाच ठिकाणाहून ठरलेली गाणी.

या संगीतात किती ताकद आहे हे हुकूमशहांना मात्र बरोबर कळतं. उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात 2010 च्या शेवटी एल जनराल या तरुण रॅपरने थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून गाणं केलं, जानेवारीत त्याला उचललं आणि काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. गाण्यामुळे पळाले असं मी म्हणत नाही, पण रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडात ते गाणं होतं. इराणचा रॅपर तूमाज सालेही याने 2022 च्या सरकारविरोधी आंदोलनाला साथ दिली, एप्रिल 2024 मध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली, जूनमध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली म्हणून वाचला. आणि मान म्हणाल तर अमेरिकी रॅपर केंड्रिक लामारला 2018 मध्ये संगीताचं पुलित्झर हे तिथलं मोठं पारितोषिक मिळालं, शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेरचा तो पहिलाच.

अमेरिकेत हळूहळू बदल होतोय. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये एका तरुणाची शिक्षा रद्द करण्याचा खालच्या कोर्टाचा निर्णय कायम ठेवला, त्याच्या वहीतली तेरा पानं भरून रॅप ज्युरीला वाचून दाखवलं होतं, त्यातलं काही गुन्ह्याच्या कित्येक वर्षं आधी लिहिलेलं. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये कायदाच केला की कलाकृती पुरावा म्हणून आणायची तर न्यायाधीशाने आधी तपासून बघावं. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात यंग थग या रॅपरला अटक झाली आणि खटल्यात त्याच्या गाण्यांच्या ओळी वापरायला परवानगी मिळालीच.

संपादकसाहेब, तुमच्या पेपरात रॅपर दिसतो तो बहुतेक वेळा अटक, गोळीबार किंवा भांडणाच्या बातमीत. माझी विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत सिनेमाचं, पुस्तकाचं परीक्षण येतं तसं महिन्यातून एखाद्या रॅप अल्बमचंही येऊ द्या, आणि ज्याला यमक, बीट आणि सॅम्पलिंग (जुन्या गाण्यातला तुकडा नव्या गाण्यात वापरणं) यातलं कळतं अशा माणसाकडून लिहून घ्या. ज्यांनी ते पत्र लिहिलं त्यांनाही ते वाचायला आवडेल असं मला मनापासून वाटतं.

आपला,
एक नियमित वाचक