समुद्राकडे पाठ करून बसलेलं गाव

कार्दामिली,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

ग्रीसला गेलास, मग पांढरी घरं नि निळे घुमट बघितलेस का, असं विचारलं होतंस. नाही रे बाबा, इथे तसलं काही नाही. सगळं गाव करड्या-पिवळ्या दगडाचं, आणि मागे तायगेतोसचा डोंगर असा उभा की मान दुखावी. शिखर २४०० मीटरच्या वर. आपण कळसूबाईला धापा टाकल्या होत्या, ती १६४६! आणि इथे चढ जवळपास समुद्रापासूनच सुरू होतो.

पेलोपोनीज हे ग्रीसचं दक्षिणेकडचं द्वीपकल्प, त्याची तीन बोटं दक्षिणेला समुद्रात गेली आहेत, त्यातलं मधलं म्हणजे मानी. कालामाता शहराहून रस्ता जेमतेम पस्तीस किलोमीटर, पण वळणं अशी की मी खिडकीची दांडी सोडली नाही.

आता मजा ऐक. होमरच्या 'इलियड' या प्राचीन ग्रीक महाकाव्यात हे गाव आहे. ट्रॉयच्या युद्धात रुसून बसलेल्या अकिलीस या वीराला मनवायला ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन म्हणतो, माझी मुलगी कर आणि वर सात गावं घे. त्या सातांत पहिलं नाव कार्दामिलीचं. अकिलीसने धुडकावलं. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानियास नावाचा प्रवासी इथे आला. तो लिहितो, या किनाऱ्याजवळ सागरकन्यांचं देवस्थान आहे. अकिलीसचा मुलगा लग्नाला स्पार्टाला निघाला तेव्हा त्याला बघायला त्या पाण्यातून वर आल्या होत्या. म्हणजे बापाने हुंड्यात नाकारलेल्या गावावरूनच पोराची वरात गेली!

त्याच पौसानियासने गाव समुद्रापासून आठ स्टेडिया, म्हणजे दीडेक किलोमीटर आत असल्याचं लिहिलंय. मला हे फार पटलं. समुद्रातून यायचे ते चाचे नाहीतर आरमारं. मग शहाणा माणूस काठावर घर कशाला बांधेल? जुनी कार्दामिली आजही मागे, उंचावर आहे. तिकडे जायला अगदी आपल्या कोकणातल्यासारखी पाखाडी आहे, फक्त जांभ्याऐवजी गुळगुळीत चुनखडी. काल तिच्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला, उरलेली वाट अनवाणी गेलो. वाटेत कातळात खोदलेली दोन थडगी लागतात. कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या वीरांची म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण जोडी आहे खरी.

वर मुर्त्झिनोस घराण्याचा वाडा. वाडा कसला, गढीच: बुरुजासारखं चौकोनी घर, तटबंदी आणि आत सेंट स्पिरिडॉनचं अठराव्या शतकातलं देऊळ, त्याचा घंटेचा मनोरा उंच नि टोकदार. मानीत भाऊबंदकी इतकी कडवी की शेजाऱ्यावर गोळी झाडता यावी म्हणून बुरुज वाढवायचे. ग्रीसवर राज्य करणाऱ्या तुर्कांना ही माणसं कधी पुरती आवरली नाहीत. १८२१च्या जानेवारीत ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी कोलोकोत्रोनिस झाकिन्थोस बेटावरून गुपचूप इथेच उतरला, या घरच्या धन्याकडे राहिला. अंगणात दोघे खरीखुरी माणसं सोंगट्या करून बुद्धिबळ खेळायचे, असं सांगतात. २३ मार्चला त्यांनी मानीचा सरदार पेत्रोबे मावरोमिखालिस याच्याबरोबर तुर्कांकडून कालामाता घेतलं. देशाचा स्वातंत्र्यदिन मात्र २५ मार्चला. माझे घरमालक आजोबा दोन बोटं वर करून म्हणाले, "दोन दिवस आधी!" दोनशे वर्षं झाली तरी रुखरुख आहे.

गावाच्या दक्षिणेला कालामित्सीच्या छोट्या खाडीवर पॅट्रिक ली फर्मर या इंग्रज लेखकाचं घर आहे. दुसऱ्या महायुद्धात क्रीटमध्ये जर्मन जनरलला पळवणारा हाच. ते घर आता बेनाकी संग्रहालयाकडे आहे. समुद्राकडे तोंड करून हौसेने घर बांधणारा निघाला तो बाहेरचाच!

सध्या ऑलिव्हचा हंगाम. झाडाखाली हिरवी जाळी अंथरतात, फांद्या झोडपतात आणि फळं गोणपाटात भरून घाण्यावर नेतात. काल मीही तासभर झोडपलं. आजोबा माझी झोडपणी बघून हसले, पण आजीने लालांग्या दिल्या. कणकेच्या लांब वळ्या, ऑलिव्हच्या तेलात तळलेल्या. मला आईची कडबोळी आठवली, फक्त तिखट नाही. चार खाल्ल्या. पाचवी खिशात घातली, तर सदऱ्याला तेलाचा हा एवढा डाग!

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या

ता. क. – ताज्या तेलाची बाटली दिलीय, घशाला चटका लावते. कपड्यांत गुंडाळून आणतोय. फुटली नाही तर तुझी.