सूचना : पोहण्याचा तलाव मंगळवार ते गुरुवार बंद

सर्व सभासदांना नमस्कार,

फिल्टरच्या पंपाची मोटर रविवारी सकाळी नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. कपॅसिटर (मोटर सुरू होताना जोर देणारा भाग) बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. उघडल्यावर कळलं, सील गळून क्लोरीनचं पाणी बेअरिंगपर्यंत गेलंय. बेअरिंग जाम आणि वाइंडिंगही (आतली गुंडाळलेली तार) जळलंय. मोटर विश्रामबागला रिवाइंडिंगला दिली आहे. नवीच घ्या, असं काहींचं म्हणणं होतं. पण बॉडी आणि शाफ्ट ठणठणीत आहेत, म्हणून दुरुस्तीच करतोय. सील आणि बेअरिंग मात्र नवीनच बसवणार.

- तीनही दिवस तलाव पूर्ण बंद. लहान मुलांची बॅचसुद्धा.
- पंपघरात कोणी जाऊ नये. मेन स्विच बंद करून कुलूप लावलंय. 'जरा चालू करून बघू' हा प्रकार नको.
- गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता मोटर बसवायला दोघं-तिघं हवेत. नाव आजच कळवा.

'आम्ही कृष्णेत पोहून मोठे झालो, फिल्टर कशाला?' म्हणणाऱ्या काकांसाठी : नदी वाहती असते. तलावाचं पाणी पंपाशिवाय फिरत नाही, उन्हात बघता बघता हिरवं पडतं.

शुक्रवारी तळ स्वच्छ दिसला आणि क्लोरीन तपासून झालं, की इथेच कळवतो. तोवर कोणी उतरू नये.

– सचिव