साहित्यिक वाचन बाहेरून आलेले नाही

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील कुरआनच्या आधुनिक भाष्यांवरचा लेख वाचला. या ग्रंथाकडे साहित्य म्हणून पाहण्याची दृष्टी पाश्चात्त्य विद्यापीठांतून अरबी जगात आली, असे लेखकाने एका वाक्यात सांगून टाकले आहे. ते पटले नाही. कुरआनची थोरवी सुट्या शब्दांत नसून त्यांच्या रचनेत, परस्परसंबंधांत आहे, हे अरबी व्याकरणकार अब्दुल काहिर अल-जुर्जानी अकराव्या शतकातच सविस्तर मांडत होते. बाराव्या शतकातले जमख्शरी यांचे भाष्य याच अलंकारशास्त्रावर उभे आहे. त्यांची मुतझिली (बुद्धिप्रामाण्यवादी पंथाची) मते न मानणारेही ते आवर्जून वाचत आले.

विसाव्या शतकात कैरोत अमीन अल-खूली यांनी या वाचनाला शिस्त लावली. धर्मशास्त्र, कायदा, ज्याला जे शोधायचे ते त्याने खुशाल शोधावे, पण आधी अरबीतला सर्वांत मोठा ग्रंथ म्हणून तो वाचावा, असे त्यांचे म्हणणे. एका विषयावरच्या साऱ्या आयती (कुरआनातील वचने) एकत्र घ्याव्यात, त्या कोणत्या क्रमाने अवतरल्या ते पाहावे आणि शब्दाचा त्या काळचा अर्थच धरावा. आयतींत आधुनिक विज्ञानाचे शोध हुडकणे त्यांना म्हणूनच मान्य नव्हते.

लेखात आयेशा अब्दुर्रहमान यांचे नावही नसावे, याचे नवल वाटते. (कर्मठ वडिलांच्या धाकाने त्या ‘बिंत अश-शाती’, म्हणजे किनाऱ्याची लेक, या नावाने लिहीत, खूली त्यांचे गुरू आणि पुढे पती.) त्यांच्या भाष्याचा पहिला खंड १९६२ मध्ये आला. ९३व्या सूरेच्या (अध्यायाच्या) आरंभी चढत्या सकाळची आणि निवांत रात्रीची शपथ आहे. जुने भाष्यकार अशा शपथांत त्या त्या वस्तूचा गौरव शोधत. बाईंनी विचारले, हेच दृश्य इथे का? परंपरा सांगते की काही काळ वह्य (पैगंबरांना देवाकडून येणारा संदेश) थांबली होती आणि देवाने पैगंबरांना टाकले, असे विरोधक म्हणू लागले होते. उजेडामागून रात्र येणे जितके स्वाभाविक, तितकाच वह्यीत पडलेला हा खंडही, असे त्यांनी दाखवले. कुरआनात समानार्थी शब्द नाहीतच, हा त्यांचा आग्रह मला जागोजागी ताणलेला वाटतो. पण शपथांचे हे विवेचन वाचल्यावर ती सूरा पूर्वीसारखी वाचता येत नाही.

विरोध झाला, तोही घरातल्या घरात. खूलींचे शिष्य मुहम्मद अहमद खलफल्लाह यांनी कुरआनातील कथा इतिहास नोंदवण्यासाठी नसून बोधासाठी आहेत, असा प्रबंध १९४७ मध्ये मांडला; विद्यापीठाने तो नाकारला. कुरआनचे असेच साहित्यिक वाचन करणारे इजिप्तचे अभ्यासक नस्र हामिद अबू झैद यांना १९९५ मध्ये कैरोच्या अपील न्यायालयाने धर्मत्यागी ठरवून त्यांचा विवाहच रद्द केला आणि दांपत्याला देश सोडावा लागला. लेखाने त्यांना पश्चिमेच्या खात्यात टाकले आहे. ते स्वतः मात्र अखेरपर्यंत आपण मुसलमान असल्याचे सांगत राहिले आणि नाते जोडत ते खूलींशी.

आणखी एक. आझमगढचे हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०) यांनी प्रत्येक सूरेला एक मध्यवर्ती सूत्र असते आणि तिच्या आयती त्याभोवती गुंफलेल्या असतात, असा ‘नज्म’चा सिद्धांत मांडला, तो अरबी व्याकरण आणि इस्लामपूर्व काव्याच्या आधारे. त्यांचे शिष्य अमीन अहसन इस्लाही यांनी त्यावर उर्दूत संपूर्ण भाष्य लिहून सूरांच्या जोड्या आणि सात गट दाखवले. लेखमालेच्या पुढील भागात या दोघांना जागा मिळावी, ही विनंती.

— एक वाचक